तरण्यांनी वेळणेश्वरात करायचं काय?

अहमदनगर,
ता. ६ जानेवारी १९४७

ती. अक्कास दमूचा सा. न.

तुझं कार्ड पोचलं. गाय व्यायली, सुपारी बरी उतरली, भावजींचा गुडघा दुखतो, हे वाचून आनंद झाला, गुडघा सोडून. इकडे सर्व ठीक. थंडी इतकी आहे की आमच्या यांच्या आत्याबाईंनी दोन दिवस कुणाला नावं ठेवलेली नाहीत. दात वाजत असताना ते काम जमत नाही.

आता तुझा प्रश्न. तू लिहितेस, "आमचं वेळणेश्वर पेन्शनरांचं. सकाळी देऊळ, दुपारी झोप, संध्याकाळी वाळूत बसून कोण कोण वारलं त्याच्या गप्पा. तुझा नृसिंह आणि सुमेधा म्हणजे भिंगऱ्या. तरण्यांनी इथं करायचं काय?"

भिंगऱ्या खऱ्याच. नृसिंह पहाटे चांदबीबीच्या महालाचा डोंगर पळत चढतो, दिवसभर शाळेत पोरांना कवायत करायला लावतो, संध्याकाळी तालमीत जातो. सूनबाई मुलींना शिकवते. शाळा सुटली की लेझीम, लेझीम संपली की मोठ्या बायकांचा बाराखडीचा वर्ग. सारं गाव म्हणतं, काय उत्साही जोडपं! मी मान डोलावते. एका घरात राहून ही दोघं वर्षभरात एकमेकांसमोर स्वस्थ बसलेली कुणी पाहिलेली नाहीत, हे गावाला काय ठाऊक?

म्हणून तर तुझ्याकडे धाडते आहे. महाबळेश्वरला पाठवलं तर हा सगळे पॉइंट पालथे घालील आणि ती तिथल्या हमालांना लिहायला बसवील. मुंबईत मागं पळायला ट्रामच आहेत. मला असं गाव हवं, की जिथं करायला काहीही नाही.

घरात हे पटवताना माझा घाम निघाला.

"दोघंच? समुद्रावर?" आत्याबाईंची जपमाळ थांबली. "कशाला?"

"कुळदैवताला. नवस बोललेय मी. दोघांनीच जाऊन नारळ द्यायचा."

"मला कसा ठाऊक नाही हा नवस?"

"मनातल्या मनात बोलले."

"मनातले नवस देवाला पोचतात?"

"न पोचून कसं चालेल? मुक्यांनी काय करायचं मग?"

यावर त्या स्वतःच सोबत निघाल्या. बोचकंसुद्धा बांधलं. मग मी त्यांना बोट कशी लागते, कोण कुणाच्या अंगावर ओकतं आणि त्यात सोवळ्याचं काय होतं, ते सविस्तर सांगितलं. संध्याकाळपर्यंत बोचकं सुटलं. खोट्या नवसाचं पाप माझ्या माथी. नारळ मात्र खरा आहे, असं भावजींना सांग.

त्यांना मागची, वाडीकडची खोली दे. करमणूक करायला जाऊ नकोस. गेल्या वर्षीचं ते काही विचारू नकोस.

आणखी एक. सुमेधेला जूनपासून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. तिथंच राहायचं. होकार मार्चात कळवायचा. शिकावं तिनं, माझी ना नाही. पण परवा तिनं लग्नातली अत्तरदाणी, गुलाबदाणी पुसून माझ्या कपाटात ठेवली. म्हणाली, "तुमच्याकडेच राहू देत." अक्का, परत येणारी सून असं म्हणत नाही. मला लेक नाही. ही एवढी एक आहे, जिच्याशी भांडायला मजा येते.

बाजरीचं पीठ बरोबर देते. तुमचा भात खाऊन माणूस नुसता लोळतो.

तुझी,
दमू


अहमदनगर,
ता. २ फेब्रुवारी १९४७

ती. अक्कास सा. न.

तुझी तिन्ही कार्डं आली. पहिल्यात नृसिंह किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो, खडक आडवा आला की माघारी पळतो. सुमेधेनं तुझं अंगण, शेजारणीचं अंगण आणि देवळाचा पार झाडून काढला. दुसऱ्यात दोघंही वेगवेगळी येऊन विचारतात, पुढची बोट कधी? "मी म्हटलं नव्हतं?" म्हटलं होतंस हो.

आणि हे तिसरं. "दमे, अनर्थ झाला. देवळामागं वाळूत दोघं कडाकडा भांडली. गुरव घंटेची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. सारखं सायकल, सायकल! इथं सायकल आहे कुणाकडे? परत पाठवू का?"

पाठवशील तर याद राख! साखर वाट गावात, रेशनची का होईना.

अगं, आमच्या घरात भांडायचं कुठं? सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, आत्याबाईंसमोर हसायचं नाही, रात्री भिंतींना कान. इथं भांडण कुजबुजत करतात, आणि कुजबुजीत नेमकं बोलायचं तेवढं राहून जातं. मोठ्यानं बोलायला शेजारी समुद्रच लागतो. तरण्यांनी तिथं काय करायचं, ते आता तुला कळलं.

बाळंतपण फसलं, एवढंच मी तुला तेव्हा कळवलं होतं. मुलगी झाली होती, अक्का. एक रात्र जगली. सुमेधा आधी सायकलवरून शाळेत जात असे. आत्याबाई म्हणाल्या, "सायकलीनं घात केला." नृसिंह तिथंच होता, खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिला. पुढं त्यानं सायकल विकून टाकली. तिला वाटलं, यानंही मलाच दोषी ठरवलं. "तुला ती रोज दारात दिसू नये म्हणून विकली गं," असं तो वाळूत ओरडला म्हणतेस. एवढं वाक्य नगरात त्याच्या तोंडून निघालं नाही.

कार्डाच्या कडेला तू बारीक अक्षरात विचारलं आहेस, "दोघंही इंदू, इंदू म्हणून रडत होती. ही इंदू कोण? नृसिंहाची काही भानगड तर नाही ना?"

मीही विचार करत बसले. आमच्यात इंदू नाही, शेजारी नाही, तिच्या माहेरी नाही. मग उमगलं, आणि हातातली परात खाली ठेवावी लागली.

आम्ही तिचं बारसं केलं नव्हतं. बारावा दिवसच उजाडला नाही. घरात सगळे तिला "ते" म्हणतात. मीही म्हणत आले. मागच्या पत्रातसुद्धा म्हटलं, काढून बघ. त्या दोघांनी मात्र नाव ठेवलं होतं. आणि वर्षभर एकमेकांपाशीही ते उच्चारलं नव्हतं.

काल आत्याबाई नेहमीसारख्या सुरू झाल्या, "ते झालं तेव्हापासून घराला अवकळा..."

"ते नाही, आत्याबाई. इंदू."

"कोण इंदू?"

"माझी नात."

त्यांनी पुढ्यात मेथीची जुडी ओढली. बरीचशी निवडून झाल्यावर म्हणाल्या, "नाव चांगलं आहे."

पुण्याला जायचं की नाही, ते सुमेधा ठरवील. गेली तर नृसिंह ट्रंक घेऊन पोचवायला जाईल आणि दर सुट्टीला आणायला. बोललेल्या माणसाला कुठूनही परत येता येतं. न बोललेल्यानं घरात राहूनही काय उपयोग?

कार्ड टाकता टाकता तू खाली लिहिलंस, की दुसऱ्या दिवशी बोटीचं कुणी विचारलं नाही, दोघं दुपारभर सुरूच्या सावलीत बसून होती, "नुसती, काही न करता." बसू दे. जेवायला हाकसुद्धा मारू नकोस. भूक लागली की येतील दोघं.

तुझी धाकटी बहीण,
आणि इंदूची आजी,
दमयंती