हात सोडल्यावर

मॅस्कॉट, सिडनी
मार्च १९३१

प्रिय लीथ,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. इतक्या वर्षांत एक ओळ नाही आणि आता हे जाडजूड पाकीट. तुझ्या त्या मेंढ्या कुठे पळून जात नाहीत, खाली बस आणि वाच. आधी बातमी सांगते, पोटात मावत नाहीये: आपलं विमान पास झालं. हवाई दलाने नवशिक्यांसाठी तेच घेतलं. काल म्हातारा बॅग्नल शेडमध्ये खोक्यावर चढून नाचला आणि उतरताना पाय मुरगळून बसला. तरी हसतोय.

‘आपलं’ म्हणते, कारण मागणी तुझी होती. जाताना तू बॅग्नलला बजावलं होतंस, की मागे बसलेला मास्तर बोलायच्या नळीतून ‘सोड’ म्हणाला आणि घाबरलेल्या पोराने दांडा सोडला, तर विमानाने आपणहून गिरकीतून बाहेर आलं पाहिजे. जमत नसेल तर शेडला टाळं लाव. म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं आणि आमच्या नाकात दम आणला. मी पंखांवर कापड शिवायचं, त्याने टाका मोजून उसवायचा. बाहेर काम मागणाऱ्यांची रांग रोज वाढत होती, म्हणून गिळून घेतलं, नाहीतर कात्री फेकून मारली असती.

पहिलं यंत्र उभं राहिलं. मागे आपला हेडली चालवायला, पुढच्या शिकाऊच्या जागी वाळूची पोती. गिरकीत घालायचा, हात सोडायचा, विमान शहाण्यासारखं सरळ. आम्ही मटणाच्या पाई आणि बिअर मागवून मोकळे झालो. पण बॅग्नलचा नियम तुला ठाऊक आहे: ज्याचा हात यंत्राला लागला, त्याने एकदा तरी त्यात बसायचं. म्हणून पोती काढली आणि मी चढले. माझं वजन पोत्यांइतकंच भरलं, यावर हेडली दिवसभर फिदीफिदी हसत होता.

वर गेल्यावर हसू विरलं. गिरकी थांबेना. हेडलीने हात सोडले, पुन्हा धरले, सुकाणू दाबलं, काही उपयोग नाही. खालचे भाजीचे मळे गरगरत जवळ येत होते. शेवटी त्याने इंजिनाचा पूर्ण जोर लावला आणि कसेबसे सुटलो. उतरल्यावर हेडली गवतात ओकला. माझी तर पाचावर धारण बसली होती. बॅग्नल मात्र कपाळ बडवत एकच वाक्य म्हणत होता, “पोत्याला डोकं नसतं गं, पोत्याला डोकं नसतं.” पोती बैठकीच्या काठाच्या खाली बांधलेली, माणसाचं डोकं वर येतं, वारा त्यावर आपटून विस्कटतो आणि शेपटीला धड मिळत नाही. आम्ही सगळे इतके दिवस पोत्यांना उडवून टाळ्या वाजवत होतो.

त्या गवतात बसून मला आमचा अल्बी आठवला. माझा धाकटा भाऊ, तुझा शिष्य, आणि ते युद्धातलं जुनं खटारं विमान. मैदानातून मी बघत होते, लीथ. त्याचे दोन्ही हात वर होते. तू ‘सोड’ म्हणालास आणि त्या गुणी पोराने सोडलं. तरी ते गरगरतच खाली आलं; तू वाचलास, तो नाही. मग तू काय केलं नसशील? हेडलीने जे केलं ते सगळं. फक्त आमचं नशीब चांगलं होतं.

बॅग्नलने शेपूट मोडून नवी केली, उंच आणि रुंद. मी पुन्हा शिवली. परवा हवाई दलाचे साहेब आले. मला चढताना पाहून त्यांतला मिशीवाला म्हणाला, “या बाई कशाला?” बॅग्नल म्हणाला, “पोती बसवून आम्ही एकदा फसलोय. आता डोकं असलेलं माणूस हवं.” वर हेडलीने गिरकीत घातलं. मी घाबरलेल्या शिकाऊसारखा दांडा पोटाशी घट्ट ओढून धरला. नाटक करावं लागलं नाही. नळीतून आवाज आला, “नेस्टा, सोड.” मी सोडला. दोन्ही हात वर केले, अल्बीसारखे. विमानाने आणखी एक वळसा घेतला, रेंगाळलं, आणि गिरकी आपणहून थांबली. नाक खाली, मग हळूहळू वर, आणि समोर अख्खा समुद्र. मी पुढे बसून मोठमोठ्याने रडले आणि हसले, कुणाला ऐकू गेलं नाही. खाली मिशीवाल्याने टोपी उडवली म्हणे.

आता पत्राचं कारण. पहिल्या तुकडीला शिकवायला त्यांना मास्तर हवा आहे. मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. तू माझ्यासमोर उभं राहायला लाजून गेलास, साखरपुड्याची अंगठी टेबलावर ठेवून. ती अजून माझ्याकडेच आहे, शिवणाच्या डब्यात. माफी मागायला येऊ नकोस, तुझा शब्द तेव्हाही बरोबर होता, यंत्र चुकीचं होतं. ये आणि तोच शब्द पुन्हा म्हण. पोरं येण्याआधी एक फेरी आपण मारू, तू मागे, मी पुढे. नळीतून तुला हवं ते बोल. ती मागून पुढेच चालते, मला उलट बोलता येणार नाही, आणि अशी संधी तुला जन्मात पुन्हा मिळायची नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
नेस्टा