तीन फेरे आणि अर्धा चोक

आप्पा, मागच्या रविवारी याच वहीत मी तुम्हाला लिहिलं की आबांचा ट्रक बारा वर्षांनी पहिल्याच सेल्फला सुरू झाला. ते चूक आहे. चौथ्या सेल्फला झाला, तोही चोक अर्धा ओढल्यावर, आणि चोक आत ढकलला की लगेच बंद पडत होता. सेल्फचा आकडा आनंदाच्या भरात चुकला असेल. चोकाचं मात्र मी मुद्दाम लिहिलं नाही. तुम्ही असता तर तेवढ्यावरूनच म्हणाला असता, हवा ओढतीय, सांधा बघ. चोक ओढला म्हणजे हवेची वाट अर्धी बंद. तरच गाडी चालत असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरतेय. हे मला तिसरीत असल्यापासून माहीत आहे. तरी मी दोन दिवस भलत्याच गोष्टींवर संशय घेत बसले.

आधी पेट्रोलवर घेतला. बाटलीत भरून उन्हात ठेवलं, तळाला पाणी साचतंय का बघितलं. नाही साचलं. मग आबांच्या नातवावर घेतला, त्याने शेडमध्ये गाडी खोलून बघितली असेल म्हणून. ट्रॅक्टरला बांधून ट्रक आणून सोडणारे आबा संध्याकाळी चौकशीला आले तेव्हा त्यांना सरळ विचारलं. तुमचं जुनं गिऱ्हाईक, न्हावऱ्याचे आबा, आता काठी घेऊन चालतात, पण बोलणं तसंच आहे. म्हणाले, "नातू? त्यो मोबाईलच्या बाहीर कशाला हात लावत न्हाई. अगं, ह्यो ट्रक न्हाई, घरजावई हाय. पितो मायंदाळ, काम करत न्हाई, आन् हाकलूनबी देता येत न्हाई." मिलिटरीच्या लिलावातला हा पेट्रोलवरचा ट्रक आता वरातीला आणि शूटिंगला लोक मागतात, म्हणून त्यांना तो चालू करून हवा आहे. जाता जाता ते म्हणाले, "आदी तुझ्या मामाकडंच यवतला न्हेणार व्हतो. त्यो म्हणला, पोरीकडं न्या. तिनं बांधलीय, तीच खोलंल."

त्या एका वाक्याने मला झोप नाही. तिनं बांधलीय, तीच खोलंल. मामा असं का म्हणाले? बारा वर्षं ज्यांनी आपल्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही, त्यांनी गिऱ्हाईक माझ्याकडे का पाठवलं? माझी फजिती व्हावी म्हणून? की त्यांना काही माहीत आहे? आठवडाभर मी कंपनीत मापं तपासतेय. सणसवाडीला क्वालिटीत आहे मी, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि सुट्टीच्या दिवशी तुमचं शटर वर करते. परवा एक बरोबर असलेला भाग मी तीनदा नापास केला. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आज पार्टपे नहीं, आपपे डाउट है."

बारा वर्षांपूर्वीचा तो मार्च मला रोज दिसतो. मामा नुकतेच आपलं गॅरेज सोडून यवतला स्वतःचं टाकून बसलेत. चार-दोन गाड्या त्यांच्या मागे गेल्यात. तुम्ही त्याबद्दल बोलत नाही, पण मामांचा विषय निघाला की पान्याच्या पेटीचं झाकण जरा जोरात लावता. तुमचं पोट सुजलंय, खाली वाकता येत नाही. तुम्ही शटरपाशी खुर्चीत बसता आणि हात माझे असतात. मी बारावीत आहे. अंक मी शाळेत शिकले नाही आप्पा, स्क्रूच्या फेऱ्यांवर शिकले. कुठल्याही स्क्रूला हात लावायच्या आधी तो हलक्या हाताने पूर्ण बंद करायचा, किती फेऱ्यांत बंद झाला ते मोजायचं, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवायचं. हा तुमचा नियम. तुम्ही म्हणायचात, "मागनं येणाऱ्यानं आपल्याला शिव्या द्यायच्या असल्या, तर निदान आकडा बघून द्याव्यात." आबांच्या ट्रकच्या बॉनेटला आतून अशी तुमच्या अक्षरातली वीस वर्षं आहेत. बहुतेक ठिकाणी दीड. दीड फेरा हे त्या गाडीचं माप.

त्या महिन्यात कार्बोरेटर मी उतरवला होता, तुम्ही पुण्याला दवाखान्यात गेला होतात त्या दिवशी. जेट साफ केले, फ्लोट बघितला, सगळं नीट केलं. परत बसवून पेट्रोल कमीजास्त करायचा स्क्रू दीडवर ठेवला आणि आबा माल भरून दौंडकडे गेले. चौफुल्याला गाडी बंद पडली. थांबली की बंद, थांबली की बंद. कुणीतरी मामांना बोलावलं. ते आले, स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवलं, चोक अर्धा ओढून तारेने बांधला आणि गाडी शिरूरला आपल्या दारापर्यंत आणून दिली. स्वतः मात्र आत आले नाहीत, रस्त्यावरूनच परत गेले. मी बॉनेट उघडलं, स्क्रू बंद करत मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच. धावत तुमच्या खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "आप्पा, मामांनी छेडलंय. तीन फेरे सोडलेत."

तुम्ही लगेच मानलं नाहीत, हे मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते. तुम्ही विचारलंत, "पॅकिंगला हात लावला व्हतास का?" मी म्हणाले, "न्हाई." थोड्या वेळाने परत विचारलंत, "सांध्याचं पॅकिंग जुनंच हाय नव्ह?" मी म्हणाले, "जुनंच." मग तुम्ही फोन मागितलात. स्पीकर लावायची तुमची सवय, म्हणून आईने आणि मी दोघींनी ऐकलं. मामा म्हणत होते, "दाजी, गाडी हवा वढतीया. म्या नुसती घरापतूर आणाया सैल केला वो." तुम्ही म्हणालात, "आमच्या गाडीला हात लावायच्या आदी इच्यारायचं व्हतं." मग मामा म्हणाले, "आमच्या? बरं दाजी. न्हाई लावत हितनं पुढं." आईने कणीक मळायची थांबवली होती. ती त्या दिवसापासून भावाशी बोललेली नाही. तुमच्या शेवटच्या दिवशी मामा आले, फाटकाजवळ उभे राहिले, पाणीसुद्धा न घेता गेले, आणि ते गेल्यावर आई म्हणाली, आता कशाला आला.

आता या रविवारचं. दोन दिवस संशय घेऊन दमल्यावर मी शेवटी तेलाचा डबा घेतला. तुमचीच पद्धत. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर जिथे इंजिनावर बसतो त्या सांध्यावर तेलाची बारीक धार सोडली. पुढच्या बाजूला काही नाही. मागच्या कोपऱ्यात तेल लागलं आणि इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं, कारण तेलाने फट बुजली. मी गाडी बंद केली. चार नट सोडले. कार्बोरेटर उचलला. खाली फट बुजवायला जे पॅकिंग होतं ते बाजारच्या पॅकिंग-शीटचं नव्हतं. पुठ्ठ्याचं होतं, वाळून आक्रसलेलं, मागच्या कोपऱ्यात चिरलेलं. उलटं केलं तर आतल्या बाजूला निळ्या शाईत माझ्या परीक्षा क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे.

माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचा मागचा पुठ्ठा, आप्पा. तुम्ही दवाखान्यात होता, उतरवताना जुनं पॅकिंग फाटलं, पेटीत शीट नव्हतं आणि आबा दारात उभे. मी जर्नलचा पुठ्ठा कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवला आणि हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने ठोकत कापला, जसं तुम्ही शीट कापायला शिकवलं होतं. ग्रीस लावलं. छान बसला. इतका छान की मला त्याचा अभिमान वाटला. मग जर्नलला तपकिरी कव्हर घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला गाडी आठवली नाही, जर्नल आठवलं. तुम्ही दोन महिने औषधं कमी घेऊन मला त्या वर्षीची वह्या-पुस्तकं घेऊन दिली होतीत, आणि मी त्यातली एक फाडली होती. म्हणून "न्हाई" म्हणाले. तेवढंच कारण होतं. पुठ्ठ्यामुळे गाडी बंद पडली असेल हे तेव्हा खरंच मनात आलं नाही, आणि नंतर मी ते येऊ दिलं नाही. मामांवर संशय घेणं सोपं होतं. आकडा माझ्या बाजूने होता ना.

मी स्क्रू पुन्हा दीडवर आणला होता, आठवतं? गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या उभ्या, चालू राहीना. मग मी रेसचा स्क्रू वाढवला. गाडी बंद पडायची थांबली, फक्त आवाज मोठा झाला. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून ऐकत होतात. एवढंच म्हणालात, "मोठाय." मी म्हणाले, "थंड हाय म्हणून." मग काठीचा आधार घेऊन उठलात, मला चहा आणायला आत पाठवलंत, आणि बॉनेटखाली तुम्हीच आकडा लिहिलात. दुसऱ्या दिवशी आबा गाडी घेऊन गेले, थोड्याच दिवसांत डिझेलची गाडी घेतली आणि हा ट्रक शेडमध्ये गेला. तुमचं ते लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. या रविवारी वाचलं. टॉर्च धरून, कारण रंग उडालाय. वाकडंतिकडं अक्षर. "३ चे १॥ केले. आवाज मोठा." आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, "पॅकिंग पाहणे."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. की फक्त शंका होती? आता माझा संशय तुमच्यावर आहे, आप्पा, आणि तो कुणाला विचारून फिटणारा नाही. ज्याला दारावरून जाणाऱ्या मोटरसायकलचा खराब प्लग आवाजावरून ओळखता यायचा, त्याला आपल्या पोरीच्या "न्हाई"मधली हवा ऐकू आली नसेल? मला समोर विचारायचं सोडून तुम्ही मागून येणाऱ्या मेकॅनिकसाठी लिहून ठेवलंत. माझी लाज राखलीत की तुम्हालाही मामांवर रागवायला काहीतरी हवं होतं? मी दोन्ही बाजूंनी विचार करते. सकाळी एक खरं वाटतं, संध्याकाळी दुसरं. त्यानंतर आठ महिने तुम्ही हयात होतात. एक फोन पुरला असता. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खोडणार नाही.

काल ट्रकचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून ओला हात पदराला पुसत बाहेर आली. "ह्यो त्योच ना? तुझ्या मामानं बिघडवलेला?"

मी म्हणाले, "त्योच."

"मंग आता कशाला हात लावतीस त्याला. ज्यानं केलं त्यानं निस्तरावं."

मी कार्बोरेटरकडे बघत राहिले. ती आत गेली. आत जाऊन तिने विचारलं, "त्यो कसा हाय म्हणं आता?" नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "आबा म्हणत व्हते, गुडघे गेलेत."

नवीन पॅकिंग मी कापून ठेवलंय, शीटचं, दोनदा मोजून. पण बसवलेलं नाही. तोच पुठ्ठा परत सांध्यावर ठेवून नट आवळलेत. स्क्रू तीन फेरे सोडलाय आणि चोक अर्धा ओढून तारेने बांधलाय. मामांनी जशी आणून दिली होती तशीच गाडी त्यांच्याकडे न्यायची आहे. त्यांनी सांधा स्वतः उघडावा, आतला पुठ्ठा आणि त्यावरचे आकडे स्वतः बघावेत, आणि मी शेजारी उभी असावी. आईसुद्धा. आधी मी त्यांना विचारणार आहे, मामा, आमच्या गाडीला हात लावाल का. आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बारा वर्सं माझी गाडी तुमच्या भांडणापायी शेडात कुजली व्हय? न्हे बाई, न्हे. डायवर देतो." माझ्याकडे मोठ्या गाडीचं लायसन नाही.

आईला अजून खरं सांगितलेलं नाही. यवतला गाडी दाखवायला जायचंय, तू चल, एवढंच म्हणाले. ती हो म्हणाली नाही, पण हिरवं लुगडं बाहेर काढून ठेवलंय. तिला वाटेत सांगेन, न्हावरा ओलांडायच्या आत, म्हणजे तिला उतरून परत यायचं असेल तर एसटी मिळेल.

आणि एक राहिलं. तो पुठ्ठा परत बसवायच्या आधी मी एकदा कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, वरून भाजीची सालं टाकली होती. अर्ध्या तासाने काढून पुसला. कडेला अजून सालाचा हिरवा डाग आहे, मामांनी विचारलं तर तोही सांगेन. येत्या गुरुवारी रजा टाकलीय, सकाळी सात वाजता निघायचं.