चौथी बाजू

५ ऑगस्ट १९४६, सातारा

गायले. ती चीज गायले! दुसरं काही सुचत नाही.

मुंबईहून सकाळी आले. स्वरविलास कंपनीच्या दिवाळीच्या नव्या रेकॉर्डींत माझ्या दोन आहेत. म्हणजे चार बाजू, एकेक तीन मिनिटांची. चार चिजा घड्याळ लावून बसवून नेल्या होत्या. तीन पार पडल्या. चौथीला कंपनीचे साहेब म्हणाले, 'ही नको, हीच दुसऱ्या एका बाईंची येतेय या मोसमात. वेगळं काहीतरी म्हणा.' सगळे खोळंबलेले. सारंगीवाले घड्याळ बघतायत. भिंतीवरचा लाल दिवा लागला — आणि माझ्या तोंडून माझ्या गुरूंची, तात्यांची चीज बाहेर पडली.

ती चीज शिकवताना तात्यांनी मला तंबोऱ्यावर हात ठेवायला लावला होता. 'मी आहे तोवर ही चार भिंतींबाहेर गायची नाही. कुणापुढेही.' नऊ वर्षं पाळलं. तीन मिनिटांत घालवलं!

दिवा विझल्यावर सारंगीवाले म्हातारबाबा म्हणाले, 'बेटी, ये कहाँ से लाई?' मी पाणी मागितलं.

१० ऑगस्ट, सांगली

शनिवारची अर्धी शाळा आटोपून मोटारीनं तात्यांकडे. अकरा वर्षांचा नेम. मुंबईत होते त्या दोन शनिवारी ताप आहे असं कळवलं होतं. मुंबईचा शब्दही काढलेला नाही.

तात्यांनी विचारलं, 'कधी आलीस?' 'आत्ताच.' सूर लावते न लावते तोच पुन्हा, 'कधी आलीस?' मग चहा घेताना तिसऱ्यांदा! हा साधा प्रश्न नव्हे. मुंबईहून कधी आलीस, असं विचारायचंय त्यांना. माझ्याच तोंडून वदवून घेणार.

११ ऑगस्ट

त्यांना कळलंय. नाही, कसं कळेल? कळलंय.

२३ ऑगस्ट, सातारा

कंपनीकडून नमुन्याच्या रेकॉर्डी आल्या. ऐकून 'पसंत' किंवा 'नापसंत' असं लिहून महिनाअखेरपर्यंत कळवायचं. माझ्याकडे ग्रामोफोनचं मशीन कुठलं? मुलींच्या कवायतीसाठी शाळेत आहे ते, किल्ली देताना कुरकुरणारं. पोरी घरी गेल्यावर खिडक्या लावल्या, मशीनच्या तोंडाशी माझी शाल कोंबली आणि ऐकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पहिल्या तीन बाजू बऱ्या आहेत. चौथी लागली आणि मी शाल काढून टाकली. इतकं चांगलं मी जन्मात गायलेले नाही. स्वतःच लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं. भीतीनंच असेल — आवाज नुसता जीव मुठीत धरून चाललाय, एक सूर इकडचा तिकडे नाही.

'नापसंत' म्हटलं की सुटले. पण हे पुसून टाकायचं?

३१ ऑगस्ट, सांगली

सांगायचंच, असं ठरवून निघाले. कऱ्हाडपासून मनात घोकत होते. तात्या तंबोरा जुळवत होते. म्हटलं, 'तात्या, मी मुंबईला —'

'आज वार कोणता?'

'शनिवार.'

'मग तू शाळेत का नाहीस?'

अकरा वर्षं शनिवारी येतेय मी! शिव्या परवडल्या, हे टोमणे नकोत. वाक्य तिथंच टाकून उठले. बाहेर पडले ती तडक पोस्टात गेले आणि 'पसंत' लिहून पाठवलं. अक्कल शेण खायला गेली होती माझी. की रागच आला होता त्यांचा? कोण जाणे.

७ सप्टेंबर

गेले नाही. ताप असल्याचं कळवलं. हा तिसरा.

२१ सप्टेंबर, सांगली

आज तात्या मला म्हणाले, 'प्रमोदिनी, षड्ज लाव.'

प्रमोदिनी! पंधरा वर्षांपूर्वीची त्यांची शिष्या. न विचारता पुण्याच्या जलशात गायली म्हणून तिला त्यांनी दाराबाहेर काढली. तिचं नाव या घरात कुणी घेत नाही. आणि आज अगदी शांतपणे, माझ्याकडे बघत, 'प्रमोदिनी'. म्हणजे माझी जागा कुठली ते सांगून झालं.

षड्ज लागला नाही. चपला घालत होते तर धोंडुबाई मागोमाग आली. वहिनी, तात्यांच्या पत्नी, गेल्यापासून तात्यांचं सगळं तीच बघते. 'बाई, वाईच थांबा की. तुमास्नी कायतरी सांगायचं हाय तात्यांचं.' निरोप तिच्या हाती दिलाय! मी म्हटलं, मोटार चुकेल, आणि सुटले. मोटारीला अजून तासभर होता.

५ ऑक्टोबर, दसरा, सातारा

कंपनीची छापील यादी आली. गुळगुळीत कागद, वर वीणा, आत माझं नाव. आणि चौथ्या बाजूपुढे रागाचं नाव, ठळक! हा राग गाणारी दोन घरं नसतील उभ्या हिंदुस्थानात. शाळेतल्या बायकांनी पेढे मागितले. दिले. मला एकही गिळवेना.

तात्यांना सोनं द्यायला गेले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

१८ ऑक्टोबर

सांगलीच्या नानासोंचं कार्ड. त्यांचं सायकलींचं आणि रेकॉर्डींचं दुकान आहे. 'आपल्या रेकॉर्डी आल्या. शनिवारी दुपारी मशीन घेऊन तात्यांच्या घरी जातो, त्यांना आधी सांगत नाही, गंमत! आपण यावेच.'

गंमत! तार करून थांबवावं, तर कारण काय लिहू? दिवसभर फळ्यावर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. तात्यांनी हाकललं तर मी कुणाची? आई-वडील नाहीत, घर नाही. शनिवार तेवढा आहे.

१९ ऑक्टोबर, सांगली

बोळाच्या तोंडाशीच ऐकू आलं. माझाच आवाज. तीच बाजू.

उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तात्या डोळे मिटून बसलेले. संपल्यावर म्हणाले, 'पुन्हा.' नानासोंनी पुन्हा लावली. 'पुन्हा.' तिसऱ्यांदा संपली तेव्हा तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नानासोंनी मला पाहिलं, 'या की ताई! लय झ्याक झालीया!' तात्या माझ्याकडे वळले. 'ही चीज कुणाची हो? मी कधी ऐकलेली नाही.'

झालं! चारचौघांत ओळख पुसून टाकली. मी नाही, चीजही नाही. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले.

२० ऑक्टोबर, सांगली

धोंडुबाईनं काल हाताला धरून बसवलं. 'तुमी समजता तसं न्हाई वं बाई. तात्या उन्हाळ्यापासनं इसराय लागल्यात. जेवल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाई. कवा मलाच वहिनी समजत्यात. सांगाय आलं तर तुमी पळताय.'

कधी रागावतील म्हणून अडीच महिने मेले. आता वाटतं, रागवा हो तात्या! घराबाहेर काढा मला!

सकाळी तंबोरा माझ्यापुढे ठेवून तात्या म्हणाले, 'बाई, कालची ती चीज तुम्हांला येते म्हणे. मला शिकवाल?'

मला अहोजाहो.

शिकवतेय. पहिली ओळ आली. दुसरीला तात्या अडले आणि हसून म्हणाले, 'जरा सावकाश हं बाई. मला नवीन आहे.'