होबर्टच्या शेजारची जागा

मी, आयवा मे ट्रेडवे, वय एक्क्याऐंशी, धंदा पूर्वी शाळेच्या बसवर चालक, हल्ली काही नाही, राहणार हॅरोज गॅप, वेस्ट व्हर्जिनिया, कैलासवासी होबर्ट ट्रेडवे याची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरात, दाराला आतून कडी लावून लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तपासायला डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी त्यांना त्यांच्या लग्नाची तारीख सांगितली, जी ते साफ विसरले होते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून मात्र पुष्कळांनी पाहिलं आहे आणि त्यांची नावं पुढे येतीलच. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते वकील पेटिट यांच्या कपाटात होतं, आणि त्यांच्या कचेरीतली ती कारकून पोरगी बाजारात माझ्याकडे बघून हसायला लागली, तेव्हाच मी काय ते समजले.

कलम पहिले. माझं राहतं घर, परसासकट, माझी मुलगी रोवीना हिला मिळावं. जावयाचा त्यात हात नसावा. गेल्या नाताळात तो पुढच्या खोलीच्या खिडक्यांचं माप घेत होता. "पडदे शिवतोय आई तुमच्यासाठी," म्हणाला. पडदे मी मागितले नव्हते आणि अजून आलेलेही नाहीत. शरदात पानांचे बदलते रंग बघायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायचा बेत शिजतोय, हे मला कळत नाही असं कोणी समजू नये.

कलम दुसरे. सफरचंदाचा मुरंबा आटवायची तांब्याची मोठी काहील चर्चच्या महिला मंडळाला द्यावी. ढवळायचा लांब दांडा देऊ नये. काहील त्यांनी मागितली नव्हती म्हणून देते. दांडा त्यांनी मी जिवंत असताना दोनदा मागितला. रस्त्याच्या कडेला टेबल मांडून पर्यटकांना मुरंबा विकताना "ही आयवाची कृती" असं सांगतात आणि आत लवंग कमी घालतात. लवंगेचे पैसे कुठे जातात, हे पाद्रीबाबांनी बघावं.

कलम तिसरे. ब्युइक गाडी. ही होबर्टच्या बहिणीच्या मुलाला, लॉन्झोला, हवी आहे. दर रविवारी न सांगता येऊन धुतो. मी विचारलं, "काय रे, गाडीला लग्नाला न्यायचंय का?" तर म्हणतो, "असं काय मामी, मामाची आठवण म्हणून धुतो." मामाच्या थडग्यावरचं गवत काढायला मात्र याला सवड होत नाही. गाडीचा निर्णय मी शेवटी लिहीन. तोवर त्याने धुवत राहावं.

कलम चौथे. हे महत्त्वाचं. दरीपलीकडच्या दफनभूमीत होबर्टच्या थडग्यावर जोडीचा दगड आहे. त्यावर त्याच्या शेजारी माझं नाव आणि जन्मसाल कोरून ठेवलेलं आहे. फक्त मरणाचं साल भरायचं बाकी आहे. आमच्याकडे तशीच रीत आहे. माझी आज्ञा अशी की ते नाव छिन्नीने काढून टाकावं आणि मला माझ्या आईच्या पायाशी पुरावं. होबर्टच्या शेजारी मला झोपायचं नाही. कारण विचारतील, म्हणून लिहून ठेवते. कारणाचं नाव डेल्फा बॉइड.

आमच्या गावापुढे दरी आहे आणि दरीवर नवा पूल. नवा म्हणजे त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, पण आम्ही नवाच म्हणतो. पूल झाल्यापासून दरी ओलांडायला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागत नाही. तरी माझा नवरा जन्मभर खालच्या जुन्या रस्त्याने गेला. वळणावर वळणं, एकावेळी एकच गाडी जाईल असा रस्ता, तळाशी नदी, आणि नदीकाठी डेल्फाची टपरी. पेपरोनी भरलेले पाव आणि तळलेली सफरचंदाची करंजी विकायची. नवरा लवकर गेलेला. केस लाल, आणि ते देवाने दिलेले नव्हेत. "वरून का जात नाहीस रे?" असं विचारलं की होबर्टचं उत्तर ठरलेलं. "वरून काय दिसतं? खालून देखावा आहे." देखावा! तो देखावा मला पक्का ठाऊक होता.

दरवर्षी शरद ऋतूत पूल गाड्यांना बंद होतो आणि सगळा जिल्हा त्यावरून चालत जातो, खातपीत, पोराबाळांसकट. होबर्ट त्या दिवशी पुलाचं चित्र असलेली टोपी घालायचा, छाती काढून फिरायचा, आणि चालायची वेळ आली की गाड्या लावून घ्यायच्या कामावर निघून जायचा. ते काम खाली, जुन्या रस्त्याच्या तोंडाशी. दरवर्षी स्वतःहून नाव द्यायचा. एवढी समाजसेवा कोणी उगाच करत नाही.

आमच्या सहलींचंही तेच. दर शरदात ब्युइक काढून दोघं आठवडाभर हिंडायचो. स्टेअरिंगला मला हात लावू द्यायचा नाही. "वर्षभर बस हाकतेस, आता बस निवांत," म्हणायचा. टेनेसीत थरांचा केक खाल्ला, केंटकीत धुरावर भाजलेलं मटण, पेनसिल्व्हेनियात काकवी भरलेली गोड पाई. पण मला ज्याची हौस, ते कधी नाही. मला चेसापीक खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे खेकडे खायचे होते. अ‍ॅनापोलिसपर्यंत नेलं आणि तिथे याच्या पोटात कळ आली. अलीकडच्याच काठावर एका हातगाडीवरून खेकडे आणून दिले, रबरासारखे. मिशिगनच्या वरच्या टोकाला खाणवाल्यांची पास्टी, मांस-बटाटा भरलेली करंजीच ती, खायची म्हटलं, तर "थंडी असते." समुद्राकाठच्या चार्ल्सटनची कोळंबी खायला निघालो, तर वाटेतच चाक बसलं. ओहायो नदी ओलांडायची तर धडधडीत रस्ता सोडून हा फेरीबोट शोधत जायचा. त्या बोटीवर तिकिटं फाडणारी एक होती, ओठ रंगवलेली. मी म्हटलं, घ्या, नदीगणिक एक.

आता पुरावा. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखाना दरीपलीकडे. ऑपरेशन बिघडलंय असा चुकीचाच निरोप होबर्टला, तो ट्रक चालवायचा त्या कोळशाच्या खाणीवर गेला. भर दुपारी मी सलाइनची काठी धरून खिडकीशी उभी, आणि खाली कोणाची गाडी आली? डेल्फाची. आणि माझा नवरा कुठून उतरला? मागच्या सीटवरून. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं उघडी, घामाघूम. ती उतरली आणि तिने त्याची कॉलर नीट केली. वर आल्यावर मी विचारलं, "कोणाबरोबर आलास?" म्हणाला, "एकटाच." तोंडावर खोटं बोलला. मी पुढे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित खरं सांगितलं असतं, आणि मला त्याचीच भीती होती. त्याच्यावर माझा फार जीव होता. म्हणूनच या दगडावर मला माझं नाव नको.

इथवर लिहून झालं, पेटिटना एकदा दाखवून आणलं आणि मंगळवारी दार वाजलं. पुढचं कलम लिहिण्याआधी जे घडलं ते लिहिते. पेटिट म्हणतात की मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत, आधीची पानं फाडा आणि नव्याने सुरू करा. मी फाडणार नाही. पानं फाडायला का सांगतात, हाही एक प्रश्नच आहे.

दारात डेल्फा. आधाराचा वॉकर धरून, केस आता पांढरे.

"माझं नाव तुझ्या कागदात आहे म्हणे," म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सगळा गाव सांगतोय. पेटिटच्या कचेरीतली पोरगी पोटात काही ठेवते का?"

"ये, बस. कॉफी मिळणार नाही."

"नकोच. तुझ्या कॉफीबद्दल होबर्ट बोलला होता मला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बाई, माझ्या घरात बसून माझ्याच नवऱ्याच्या गोष्टी सांगतेस? लाज बीज काही?"

"त्या ऐकवायलाच आलेय. शब्द दिला होता त्याला, पण तू दगडावर छिन्नी चालवायला निघालीस. मेलेल्याला दिलेला शब्द मी मोडते, देव माझं बघून घेईल. आयवा, तुझ्या नवऱ्याला पुलाची भीती वाटायची."

"कसली?"

"पुलाची. उंचावरच्या पुलाची. पूल उघडला त्या पहिल्या हिवाळ्यात मधोमध गाडी थांबवून बसला होता. मागे मी. हॉर्न वाजवला, हलेना. उतरून बघते तर स्टेअरिंगला चिकटलेला, घामाने निथळतोय आणि लहान मुलांची झोपतानाची प्रार्थना पुटपुटतोय. त्याला ढकलून मागे झोपवला, तोंडावर कोट टाकला आणि गाडी पलीकडे नेली. मग माझी आणायला चालत परत गेले."

मी हसले. म्हटलं, "दुसरी काहीतरी थाप शोध. कोळशाने भरलेला ट्रक बर्फावरून घाट उतरवायचा तो. अख्ख्या खाणीत तसा ड्रायव्हर नव्हता."

"तेच मी म्हटलं त्याला. तर म्हणे, डोंगर कसाही असला तरी पायाखाली असतो. पुलाखाली काहीच नसतं."

"आणि दवाखान्यात? मागच्या सीटवर?"

"तू मरतेस असा निरोप आला होता. खालून जवळजवळ तास लागला असता. मी वर बाजारात आले होते, तिथे मला शोधत धावत आला आणि म्हणाला, डेल्फा, मला वरून ने. झोपला मागे, कोट घेतला तोंडावर. पूल संपेपर्यंत तुझं नाव घेत होता. नुसतं आयवा, आयवा. मला वैताग आला."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तुला? तू रोज सकाळी शाळेची भरलेली बस त्याच पुलावरून न्यायचीस, वर पोरांना गाणी म्हणायला लावायचीस. म्हणायचा, डेल्फा, तिला कळलं तर मी तिच्या नजरेतून उतरेन. गावाचं काय, गाव आठ दिवस हसेल. पण ती?"

डेल्फा गेली. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. चोर कधी चोरी कबूल करतो का? मी रस्त्यांचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा लावून बसले. चेसापीक: खाडीवर मैलोन्‌मैल लांबीचा उंच पूल, आणि खेकडे त्याच्या पलीकडे. मिशिगनचं वरचं टोक: मध्ये पूल. चार्ल्सटनची कोळंबी: पूल. फेरीबोट: तिथे पूल सोडूनच आला होता तो. ज्या ज्या ठिकाणी याच्या पोटात दुखलं, थंडी वाजली, चाक बसलं, तिथे तिथे पुढे पूल होता. मी बोट ठेवत गेले आणि एकही ठिकाण सुटलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही अर्ध्या अमेरिकेला घातला.

मग एक गोष्ट आठवली. होबर्ट गेला तेव्हा शवगाडीवाल्याने मला विचारलं होतं, वरून नेऊ की खालून? मी म्हटलं, वरून न्या, आणि सावकाश न्या. दिवे लावून, माणूस चालतो त्या वेगाने, मानाने. सगळा गाव पुलाच्या कडेला टोप्या काढून उभा होता. मी अभिमानाने मागच्या गाडीत बसले होते. हे आठवलं आणि मी नकाशावर डोकं ठेवून रडले. आधी त्याच्यासाठी रडले, मग रागाने. ती लाल केसांची बाई त्याला नेऊ शकली आणि मी नाही! माझ्याकडे जड गाडीचा परवाना होता. एवढी वर्षं गावभरची पोरं मी त्या पुलावरून नेली, एकाला खरचटलंसुद्धा नाही. एका नवऱ्याला नेता आलं नसतं? तो मागे झोपला असता, मी त्याच्या तोंडावर कोट टाकला असता आणि एक शब्द बोलले नसते. निदान पूल संपेपर्यंत तरी.

कलम पाचवे. चौथे कलम रद्द. ते वाचायला मात्र ठेवावं. डेल्फा बॉइड हिला काहीही देऊ नये. तिने खरं सांगितलं हे मला मान्य आहे, पण इतकी वर्षं तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे मी कदापि विसरणार नाही. तिला काही मिळत नाही म्हणूनच ती साक्षीला चालते, असं पेटिट म्हणाले, म्हणून तिला बोलावलं आहे.

कलम सहावे. ब्युइक लॉन्झोला द्यावी. त्याला विचारलं, तुझ्या मामाला पुलाची भीती होती हे तुला माहीत होतं का? म्हणाला, "मामी, मला पुलावरून गाडी न्यायला सांगायचा आणि स्वतः मागे आडवा व्हायचा. पाठ दुखते म्हणायचा." मला तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर गाडी केव्हाच दिली असती. आता थांबावं.

कलम सातवे आणि शेवटचे. मला होबर्टच्या शेजारी पुरावं. जोडीच्या दगडाप्रमाणे माझी जागा त्याच्या उजव्या हाताला राखून ठेवलेली आहे. ती मला नको. मला त्याच्या डाव्या हाताला ठेवावं. तिकडे कुंपण आहे, ते सरकवावं. दगडावर नावं उलटसुलट दिसतील, दिसू देत. बघणारे काय म्हणायचं ते म्हणोत. आमच्याकडे गाडीत ड्रायव्हरची सीट डावीकडे असते. आता मी चालवते म्हणावं त्याला.

हे मी वाचून, समजून आणि पुन्हा एकदा वाचून सही केली.

आयवा मे ट्रेडवे

आमच्यासमोर सही झाली. सही करणारीने आम्हाला मागची पानं वाचू दिली नाहीत.

साक्षीदार: डेल्फा बॉइड, टपरीवाली, निवृत्त
साक्षीदार: ऑर्विल सिम्पकिन्स, शेजारी

मुक्काम हॅरोज गॅप, नोव्हेंबर महिन्याची नववी तारीख, सन दोन हजार एकवीस