दादाच्या पांढऱ्या पेशी

३ जून
नवी नोकरी, नवं गाव, खिडकीजवळची जागा. आणखी काय हवं? काम मजेचं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेवर ठेवायच्या, एका कडेला रसायनाचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. शरीरात जखम झाली की असंच रसायन पाझरतं, त्याच्या मागावर या पेशी सरपटत जातात. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई थेंबाला आमिष म्हणतात. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, महिन्याभरात कंटाळाल. त्याच्या तोंडी कोण लागणार.

५ जून
ताजं रक्त हवं होतं. माझ्याबरोबर इथे राहायला आलेल्या दादाने लगेच बाही वर केली. दोन वर्षांपूर्वी मी त्याला माझी डावी किडनी दिली, तेव्हापासून माझा शब्द खाली पडू देत नाही. शरीराने ती परकी समजून मारू नये म्हणून रोज गोळ्या घेतो. बाकी ठणठणीत, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला मोकळा.

८ जून
दादाच्या पेशी आमिषाकडे ढुंकून बघत नाहीत. सगळ्या माझ्या बाजूला येतात. बाई म्हणाल्या, काच तिरकी असेल. काच फिरवली. तरी माझ्याकडेच. मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले, तर अर्ध्या तासात सगळा घोळका वळला. माझ्या जागी चष्मेवाला बसला तेव्हा मुकाट्याने आमिषाकडे गेल्या.

११ जून
दादा हल्ली मी जाईन तिथे मागे येतो. विचारलं तर गोंधळला, म्हणाला, कळत नाही गं. जेवताना त्याचा हात माझ्या उजव्या कुशीवर होता. त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मला भीती वाटते. दादाची. लिहितानाही लाज वाटते.

१२ जून
गोळ्या त्याच्या आतल्या किडनीला सांभाळतात. माझ्या आतल्या दुसरीला त्याच्या पेशींपासून कोण सांभाळणार?

१३ जून, सकाळ
निघून आले. तीन तासांवरच्या गावी, मैत्रिणीची रिकामी खोली. पत्ता कुणालाच दिला नाही.

दुपार
दादा दाराबाहेर आहे. रडतोय. म्हणतोय, पाय ऐकत नाहीत, काही झालं तरी दार उघडू नकोस —

दार ओरबाडतोय. नखं मोडली असणार. दाराखालून रक्त —

मी डावीकडे सरकले. रक्तही डावीकडे.

पलंगावर चढले. ते पलंगाच्या पायावरून वर —

दादा बाहेरून विचारतोय, तू बरी आहेस ना, आणि मी त्याला कसं सां