टोरीचं तेल आणि तुमचा डावा पाय

बाबा, तुमच्या पणतीनं गाडी घेतली आहे. नवी नाही, कोणाची तरी वापरलेली, आणि घेतल्यापासून पोरगी वैतागली आहे. सकाळी एक्सलेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग निघते. क्लचवरून पाय काढला तरी तो आपला निवांत वर येतो. मेकॅनिकनं गाडीला वायर जोडून कुठल्याशा पडद्यावर काहीबाही पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. परवा ती अंगणात चरफडत उभी होती तेव्हा मी म्हटलं, दार उघड, मला बसू दे. "आजी, तुला काय कळतं त्यातलं?" म्हणे. मी म्हटलं, तुझ्या मेकॅनिकचा बाप रांगत नव्हता तेव्हा मी क्लच दाबलाय. गुडघ्याला शिव्या देत बसले, चप्पल काढली आणि पेडल दाबलं. तिनं वाकून विचारलं, "जड लागतं का गं?" हो, जड लागतं, मी म्हणाले. इतकं सोपं होतं ते. उतरले आणि घरात आले. हाच प्रश्न तुम्ही मला विचारला होता, आणि तेव्हा मी दुसरं उत्तर दिलं होतं.

आपली ती काळी मोटर आठवते ना? तुम्हाला आठवत नसेल तर मग कोणाला आठवणार म्हणा. ठेकेदाराच्या ट्रकवर दहा वर्षं जंगलातली लाकडं ओढलीत, मग एक दिवस ओंडका घरंगळला आणि तुमचा डावा गुडघा घेऊन गेला. बरे झालात, पण ट्रक सुटला. वडशाच्या एका आरा गिरणीवाल्याची जुनी मोटर तुम्ही भाड्यानं आणलीत आणि चामोर्शीहून वडशाला आगगाडी धरायला जाणारी माणसं नेऊ लागलात. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, मार्कंड्याच्या जत्रेला तर एकावर एक माणसं कोंबून नेली. पितळी बटणांचा तो खाकी कोट अंगात चढवला की तुम्ही चार बोटं उंच दिसायचे. माय म्हणायची, "मोटर का आली घरात, सवतच आली." तुम्ही हसायचे आणि फडक्यानं सवतीचं तोंड पुसायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला आलेली. मोटर धुवायचं काम माझं होतं. पुढच्या सीटवर मात्र मी कधी बसले नव्हते. कोणी नको म्हटलं नव्हतं, पण असं काही बसायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, पण ऊन अजून चटका देत होतं. तुमच्या मोटारीची दोन्ही पेडलं कुरकुरत होती, म्हाताऱ्या सासूसारखी, पाय लावला की कुरकुर. तुम्ही त्या दुपारी झोपला होतात. मोबिलचा, इंजिनच्या तेलाचा, डबा पाहिला तर रिकामा. म्हटलं, तेल ते तेल. आपल्याकडं दाराची बिजागरी कुरकुरली की टोरीचं तेल, बंडीचं चाक ओरडलं की टोरीचं तेल, दिव्यात तेच, कढईत तेच. टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया, आपणच वेचायच्या, आपणच गाळून आणायच्या, त्याला काय तोटा? मी वाटीभर घेतलं, गाडीखाली शिरले आणि पेडलांच्या दांड्यांपासून पार इंजिनपर्यंत जिथं सांधा दिसला तिथं कोंबडीच्या पिसानं तेल सोडलं. संध्याकाळी तुम्ही फेरी मारून आलात ते ओरडतच, "आवाज गेला वो! लोण्यावानी चालून राह्यली!" मी म्हटलं, मी तेल टाकलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, माह्यासाठी पोरगाच हायेस तू." कोणतं तेल, ते तुम्ही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मग पूस महिना लागला आणि थंडी पडली. तुम्ही सकाळी मोटर काढायला जायचे आणि ती अडून बसायची. क्लच दाबायला जोर लागायचा, सोडला तर पायामागं यायचा नाही. एक्सलेटर दाबला तर उशिरा, आणि सोडला तरी इंजिन आपलं गुरगुरतच राहायचं. एकदा तर गाडीनं अशी उडी मारली की मागं बसलेल्या सावकारीणबाईचं नारळाचं गाठोडं रस्त्यात विखुरलं. तुम्ही दुपारी परत आलात की मोटारीच्या पोटाखाली शिरायचे. कार्बोरेटर खोलला, तोंडानं फुंकून साफ केला. प्लग घासले. क्लचची दांडी कसली, सैल केली, पुन्हा कसली. आणि दुपारी बघावं तर सगळं झक्क! इंजिन तापलेलं, ऊन वर आलेलं, पेडल फुलासारखं. तुम्ही मला सांगायचे, "पोरी, एका टायमाले एकच चीज बदलाव. दोन बदलल्या का चोर सापडत नाई." तसं तुम्ही एकेक करून सगळं बदललंत, आणि चोर काही सापडेना. तुमचा गुडघाही सकाळीच आखडायचा आणि दुपारी सुटायचा. हे तुमच्या ध्यानात आलं तेव्हा तुम्ही जेवता जेवता थांबलात. मायला म्हणालात, "गाडी चांगली हाये. आता उरलो मी."

वडशाला जाणाऱ्या एका बंडीवाल्याबरोबर तुम्ही गिरणीवाल्याला निरोप धाडलात की बाजाराच्या दिवशी मोटर परत घेऊन जा. लाकडाच्या डेपोवर चौकीदाराची जागा होती, तिथं बोलूनही आलात. चौकीदार! जंगलातल्या नाल्यातून भरलेला ट्रक उलटा काढणारा माणूस काठी घेऊन ओंडके राखणार. माय नुसता तुमचा गुडघा चोळत राहिली.

आणि ती सकाळ. मी चुलीपाशी आहे. माय तुमच्या गुडघ्याला लावायला तेल घ्यायला जाते, बरणी उपडी करते, आणि तेल पडत नाही. थिजून पार तुपाचा गोळा झालेलं. ती बरणी चुलीच्या कडेला सरकवते आणि म्हणते, "थंडीत हे टोरीचं काही कामाचं नाई, ऊब देल्याबिगर हालतच नाई." रोज सकाळी ती हेच करत होती, बाबा. रोज माझ्या डोळ्यांदेखत. मी भाकर तव्यावर तशीच टाकून बाहेर पळाले. अंगणात तुम्ही मोटारीचं दार धरून उभे होतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बरी आली. बस इथी."

"मी?"

"मंग का तुही माय बसन? एक चीज बदलाची राह्यली. पाय. तुह्या पायानं पाहू."

मी बसले. चाकावर हात ठेवले. थंडगार होतं ते, आणि माझ्या हातांत अगदी नीट बसलं. समोर काच, काचेतून आपलं कुंपण, कुंपणापलीकडं रस्ता. मी डावा पाय ठेवला आणि दाबला. जड, बाबा. दगडासारखं जड. तरण्याताठ्या पोरीचा धान कांडणारा पाय, आणि तो थरथरला. तुम्ही खिडकीतून वाकलात. तुमच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही.

"जड लागते का?"

"नाई जी बाबा. हलकं हाये."

तुम्ही खिडकीवरचा हात काढलात. "मंग माहाच पाय गेला," म्हणालात. रागानं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग मला म्हणालात, "उतरू नोको. गाडी जायाची हाये, त्याच्याआंधी एक डाव चालवून घे." मायनं आतून आरडाओरडा केला की पोरीच्या जातीला मोटर शिकवता, कोण करन इच्याशी लगन? तुम्ही म्हणालात, "चार दिवसाची गोठ हाये, पाहुण्याईले कोण सांगते?"

बोडीच्या तळ्यापलीकडच्या माळावर, गाव उठायच्या आत, तुम्ही मला पाच दिवस सकाळी शिकवलंत. शेजारी बसायचे, दुखरा पाय लांब करून. "हळू सोड. पायाखाली अंडं हाये समज." मोटर उडी मारायची, बंद पडायची, पाय काढला तरी गुरगुरायची. तुम्हाला वाटायचं माझं चुकतंय. मला ठाऊक होतं की माझं चुकलंय ते वेगळंच. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. "नवा पाय हाये," म्हणायचे. उतरून हॅन्डल मारायचे, लंगडत परत यायचे. अर्ध्या घंट्यानं इंजिनच्या उबेनं तेल सुटायचं, पेडल सैल व्हायचं आणि तुम्ही खूश. "पाह्य पोरी, बसला का नाई हात!" मग मी माळावर गोल गोल मोटर हाकायची आणि तुम्ही काचेबाहेर पाहत बसायचे. चौथ्या दिवशी मी सरळ मार्कंड्याच्या रस्त्यानं नदी दिसेपर्यंत नेली. तिथं तुम्ही म्हणालात, "माह्या बापानं मले बैल देल्ला होता हाकाले. मी तुले मोटर देल्ली. आता काई राह्यलं नाई." डोळे पुसलेत. मी समोर पाहत होते, पण मला दिसलं.

तरी मी बोलले नाही. पाचव्या दिवशी दुपारी मी घरात आले तर मायच्या मांडीवर तुमचा खाकी कोट. तुम्ही तिला सांगितलं होतं, वाकळेत घाल, चौकीदाराले कोट कायले लागते? तिनं एक पितळी बटण कापून बाजूला ठेवलं होतं, आणि दुसऱ्याला कात्री लावली होती. मी तिच्या हातातून कोट हिसकला. तिला वाटलं पोरीला वेड लागलं. मी घासलेटची बाटली आणि चिंध्या घेतल्या, रस्त्यावर उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याकडून वाटीभर मोबिल मागून आणलं, आणि मोटारीखाली शिरले. एकेक सांधा धुतला. काळं, धुळीनं मळलेलं, मेणासारखं तेल चिंधीवर येत होतं आणि मी रडत होते. तुम्ही डेपोवर गेला होतात. परत आलात तेव्हा मी हात राखेनं घासत होते.

दुसऱ्या दिवशी बाजार. गिरणीवाल्याच्या माणसाला द्यायला तुम्ही मोटर बाहेर काढू लागलात, साध्या सदऱ्यावर. क्लच दाबलात. थांबलात. पुन्हा दाबलात, सोडलात, पुन्हा दाबलात. मग मोटर बंद करून उतरलात आणि अंगणात एकटेच उभे राहून गुडघा वाकवत, सरळ करत राहिलात. "अवो!" तुम्ही मायला हाक मारलीत, "पाय आला वो! तुह्या तेलानं पाय आला!" माय पदर डोळ्याला लावून हसत होती. मी दारामागं उभी होते. गिरणीवाल्याचा माणूस आल्या पावली परत गेला. मायनं बटण टाचून दिलं, जरा तिरकंच, आणि ते तसंच राहिलं.

त्यानंतर तुम्ही बारा वर्षं मोटर हाकलीत. दर हिवाळ्यात गुडघ्याला टोरीचं तेल चोळून घ्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की मोटारवाल्याच्या पायाला याच्यासारखं औषध नाही. माझ्या नवऱ्यालाही सांगितलंत, तो बिचारा मास्तर, त्याला सायकलही धड येत नव्हती. मला पुन्हा कधी चाकावर बसवलं नाहीत. गरजच नव्हती. आणि मी मागितलं नाही, कोणत्या तोंडानं मागणार?

पणतीच्या गाडीचं काय झालं विचाराल. मी तिला म्हटलं, पडदा बघू नको, सकाळी थंड असताना पेडलचा सांधा बघ. आधीच्या मालकानं कसलं तरी चिकट तेल फासलं होतं. धुतल्यावर सुटलं. आता मला गावभर हुशार म्हणून मिरवते.

हे कागद मी घडी करून तुमच्या कोटाच्या खिशात ठेवणार आहे. तो अजून आहे माझ्याकडं, पेटीत. इतकी वर्षं मला वाटायचं की मला तुमच्याजवळ तेलाची चूक कबूल करायची आहे. ती काही मोठी नाही, तुम्ही हसला असतात, चारचौघांत सांगत फिरला असतात. जे सांगवत नाही ते हे, की तुम्ही त्या पाच दिवसांत स्वतःला कामातून गेलेला माणूस समजत होतात, मला ते माहीत होतं, आणि बाबा, तेच पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आहेत.