मास्तरांना स्टार्च

आदरणीय वन्संना,

तुमच्या धाकट्या भावजयीचा दुकानातून, इस्त्रीच्या वाफेतून, साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, कारण टेबलाखाली तेवढी जागा नाही). नवी कवळी बसली का? की अजून पेल्यातच मुक्कामाला आहे? आम्ही ठणठणीत आहोत. तुमच्या भावाचा रक्तदाब मधे वर गेला होता, त्याला कारण एक टॉवेल. तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे एक मुलगी सांभाळायला दिली आहे हे तुम्हाला कळलंच आहे (कळल्यावर फोनवर तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की गिऱ्हाईक शर्ट विसरून गेलं). सात वर्षांची आहे. तिच्या आईला सध्या तिचं करणं जमत नाही. आजवर ती एका मावशींकडे होती, पण मावशींच्यानं आता होत नाही, म्हणून बालकल्याण कार्यालयाने आम्हाला निवडलं. आली ती चपला न काढता सरळ आत. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून तुमच्या भावाला विचारलं, "इथे ओरडतं कोण?" हे तत्काळ म्हणाले, "ही." तेव्हापासून आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो. महिना झाला की कार्यालयातल्या बाई तिला एकटीला बसवून विचारणार आहेत, इथेच राहायचं का म्हणून. म्हणजे परीक्षा आमची आणि पेपर तपासणार ती. वन्सं, आम्ही दोघंही शाळेत काय दिवे लावले ते तुम्हाला माहीतच आहे.

तयारी म्हणून आमची शिकवणी झाली होती. बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं, मूल जुन्या घरून जे आणेल ते धुऊ नका, त्या वासाच्या आधाराने ते नव्या घरात झोपतं. हे मान डोलवत होते. (कापड धुऊ नका, असं यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. ते वाक्य कानात शिरलं आणि घाबरून दुसऱ्या कानाने बाहेर पडलं असणार.) इन्स्पेक्टरने आणला एक टॉवेल. नाव मास्तर. मूळ रंग देवाला ठाऊक. मास्तर जेवायला शेजारी बसत, झोपायला उशीवर असत, आणि तुमचे बंधू ते डाग बघून तळमळत. एका सकाळी ती शाळेत गेली, मी काउंटरवर होते, आणि यांचा संयम सुटला. भिजवणं, डाग काढणं, नीळ, वर स्टार्च, कडक इस्त्री. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नंबराची चिठ्ठीसुद्धा टाचली! मास्तर भिंतीला टेकून आपले आपण उभे राहिले. आणि हे शाबासकीसाठी दारात.

तिने पिशवी फाडली, वास घेतला आणि हळूच म्हणाली, "हे मास्तर नाहीत." ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवली नाही, चपला घालून आपल्या बॅगेवर जाऊन बसली. तुमचे बंधू मोरीत नळ सोडून रडले (पाणी किती वाया गेलं ते विचारू नका). मी बाईंना फोन लावला. आता बोलणी खायची, असंच वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "लपवू नका. तिची माफी मागा आणि तिला मावशींकडे घेऊन जा. जुनं घर तुटलेलं नाही, हे तिला दिसू दे."

यांनी माफी मागितली, तिने निकाल राखून ठेवला, आणि आम्ही तिघं मावशींकडे गेलो. मावशी हसून हसून खोकल्या. मग वास बनवायचा कारखाना सुरू झाला. मावशींनी टॉवेलला गुडघ्याचा बाम चोळला, तो स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरावर धरला, आणि इन्स्पेक्टर नाक लावून हुकूम सोडू लागली, "अजून थोडं मांजर!" मावशींचं मांजर महा आढ्यताखोर. उभ्या जन्मात लोकांच्या कपड्यांचे वास घालवलेला तुमचा भाऊ ते मांजर नाजूक लोकरी मालासारखं दोन्ही हातांत धरून टॉवेलवर घासत होता, आणि ते नखांनी यांच्या नाकावर इस्त्रीच्या घड्या पाडत होतं. तेव्हा ती हसली, वन्सं. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. शेवटी निकाल लागला, "मास्तर आलेत, पण जरा आजारी आहेत." आता रोज संध्याकाळी मावशींना फोन करून मास्तरांची तब्येत कळवावी लागते.

बाकी सर्व क्षेम. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
भावजय

ता. क. येत्या रविवारी तुम्ही मुलं, सुना, नातवंडं आणि शेजारीण घेऊन टेम्पोने येताय, असं यांच्याकडून कळलं. येऊ नका. नवी माणसं थोडी थोडी भेटवा, असं बाईंनी सांगितलंय. तुम्हाला नाही म्हणायचा धीर यांना होईना, मला होईना, म्हणून एवढं पुराण लावलं.

ता. क. दुसरा. इन्स्पेक्टर मागे उभी राहून वाचत होती. तिचं म्हणणं, एकट्या आत्याला येऊ द्या, पण आधी फोनवर मुलाखत. शनिवारी तयार राहा. मांजर आवडतं का हे नक्की विचारणार आहे, खोटं बोलू नका. आणि आत्ताच विचारत होती, आत्या पास झाल्या तर सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जाऊ का, आणि सुट्टी संपली की त्या मला परत इथे आणून सोडतील ना? इथेच राहायचं का, हे बाईंनी अजून तिला विचारलेलंसुद्धा नाही, वन्सं. मी हो म्हणून बसले आहे. पाया पडते, पास व्हा.